पिंप, सायकल आणि दहा पावलं

पत्र्याच्या पिंपात माणूस शिरू शकतो. निघू शकत नाही.

हे ज्ञान मला संपाच्या आठव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी झालं. त्याआधी झालं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं, पण आमच्याकडे अक्कल नेहमी पाणी गेल्यावरच येते.

मी तेव्हा लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मिलमध्ये कारकून. संप खरं तर साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्यांचा, पण साचेच बंद म्हटल्यावर हजेरी कुणाची मांडायची? तेव्हा मीही घरी. पहिला महिना मी पेपर वाचला. दुसऱ्या महिन्यात पेपरातल्या बातम्या बायकोला वाचून दाखवल्या. तिसऱ्या महिन्यात तिने पेपर बंद केला.

बायको सुशीला. लग्नाला तीन वर्षं झालेली. ती शिवणयंत्रावर अख्ख्या चाळीचे ब्लाऊज शिवायची आणि मी तिच्या समोर बसून बेत करायचो. बेत करण्यात माझा हात धरणारा उभ्या गिरणगावात कोणी नव्हता! टायपिंगचा क्लास मी लावला होता, तो 'एल' या अक्षरापर्यंत गेला. पेटी शिकायला घेतली, ती भात्यापर्यंत आली. स्वयंपाकघरातल्या खिडकीची बिजागरी बसवायला काढली, तेव्हापासून खिडकी एका बिजागरीवर लोंबकळत होती आणि सुशीला रोज तिला दोरीने बांधून पोळ्या लाटायची. प्रत्येक कामाची मी आधी कागदावर व्यवस्थित आखणी करायचो, वर लाल शाईने रेघ मारायचो, आणि रेघ वाळेपर्यंत माझा उत्साहही वाळलेला असायचा.

एका दुपारी गावाहून तिच्या वडिलांचं, आप्पांचं, पत्र आलं. रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो, संप मिटेपर्यंत सुशीलाला गावी घेऊन जातो. चाळीतल्या निम्म्या खोल्यांची बायकामाणसं अशीच गेली होती. त्यात काही नवल नव्हतं.

मला मात्र ती जायला नको होती. दिवसभर तिच्या मशीनची खडखड ऐकली नाही तर मला दुपारची झोपसुद्धा लागली नसती. हे एवढंच वाक्य तिला सांगायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "जा की. हवापालट होईल."

मशीन थांबली.

"मी काय हवा खायला जातेय?" सुशीला म्हणाली. "तुम्ही दिवसभर त्या खुर्चीत. बेत करायचे आणि सोडायचे. संपाचं मी समजू शकते, तो काही तुमच्या हातात नाही. पण तुमच्या हातात जे आहे ते तरी? रविवारी आप्पा येईपर्यंत एक काम, कुठलंही एक, शेवटपर्यंत करून दाखवा. मी जात नाही. आप्पांना मी सांगेन काय ते."

"कुठलंही?"

"कुठलंही!" असं म्हणून तिने खिडकीकडे पाहिलं. तिला बिजागरी म्हणायची होती हे आज मला स्पष्ट दिसतं. तेव्हा मी नेमका चणे खात होतो.

चण्यांची पुडी कुठल्यातरी इंग्रजी मासिकाच्या कागदाची होती. चणे संपल्यावर मी सवयीने पुडी उलगडून वाचली. परदेशात म्हणे एक शर्यत निघाली होती. माणूस आधी पोहतो, मग तसाच ओला सायकलवर बसतो, आणि मग सायकल टाकून पळतो. नाव ट्रायथलॉन. फोटोत एक दांडगा गडी शेवटची रेषा ओलांडताना दोन्ही हात वर करून ओरडत होता. त्या माणसाने काहीतरी शेवटपर्यंत केलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं! किती अंतर पोहायचं, किती सायकल मारायची, किती पळायचं, हे मात्र समजलं नाही. तो भाग दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर गेला होता.

"ठरलं," मी म्हणालो. "रविवारी घरच्या घरी ट्रायथलॉन!"

सुशीलाने कपाळाला हात लावला. "अहो, मी बिजागरी म्हणत होते."

"कुठलंही म्हणालीस."

मी लाल शाई काढली.

शनिवारपर्यंत माझी आखणी तयार होती. पोहणं: घरच्या पिंपात, शंभर बुड्या, हात मारत. सायकल: गॅलरीत, स्टँडवर उभी करून, पाचशे पायडल. पळणं: चाळीच्या गेटातून निघून, हमरस्त्याने कोपऱ्यावरच्या इराण्यापर्यंत, मागच्या गल्लीने परत गेटात. गेटापाशी खडूची रेषा. ती ओलांडली की शर्यत पूर्ण आणि सुशीला घरी!

सायकल माझा मित्र मोरेश्वरची. मोरेश्वर शिवडी कोळीवाड्यातला, आमच्याच मिलमध्ये होता. संप सुरू झाल्यावर तो गपचूप घरच्या धंद्याकडे वळला आणि सायकलवर मासळीची पाटी बांधून आमच्या भागात फिरू लागला. रविवार हा त्याचा मुख्य दिवस.

"अर्धा तास देतो," तो म्हणाला. "पण पाटी सोडणार नाय. परत बांधायला माझा जीव जातो. तू बस आणि मार पायडल, मागे बांगडे गपचूप बसतील."

पंच म्हणून मी पेडणेकरांना बोलावलं. पेडणेकर चाळीचे सेक्रेटरी. म्युनिसिपालिटीतून निवृत्त झाले होते, पण नियमांतून नाही. त्यांनी माझी आखणी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे ही त्रिस्थळी यात्राच की! काशीला न जाता! करा. पण एक सांगतो, मधे थांबलात तर बाद. मी गजराचं घड्याळ घेऊन येतो."

रविवारी पहाटे पाणी आलं. सुशीलाने कळशा वाहून पिंप काठोकाठ भरलं, कारण आप्पा रात्रभराच्या प्रवासाने येणार, त्यांना आंघोळीला पाणी हवं. आमच्याकडे नळ गॅलरीच्या टोकाला, आणि तो तासाभरात जो जातो तो दुसऱ्या दिवशी पहाटेच परततो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण खेळाडूने असल्या बारीकसारीक गोष्टींकडे पाहायचं नसतं.

मी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातली, स्टुलावर चढलो आणि पिंपात उतरलो.

उतरलो, म्हणजे मी आत गेलो आणि पाणी बाहेर आलं! माझ्या आकाराचं जेवढं पाणी होतं तेवढं सगळं (आणि आठ महिने बसून माझा आकार बऱ्यापैकी झाला होता) मोरीचा कठडा ओलांडून खोलीभर पसरलं, उंबऱ्यावरून गॅलरीत गेलं आणि गॅलरीच्या लाकडी फळ्यांच्या फटींतून सरळ खाली, पहिल्या मजल्यावर. तिथे परडकर काकू नेमक्या स्टोव्हवर चहा टाकत होत्या.

"अगो सुशीलाऽऽ!" खालून आवाज आला. "स्टोव्ह विझला माझा! कोण फुटलं वर?"

"कोणी नाही काकू," सुशीला वाकून म्हणाली. "आमचे हे पोहतायत."

लगेच काकूंचे पाय जिना चढताना ऐकू आले.

मी बुड्या मारायला सुरुवात केली. एक! दोन! तीन! हात मारायला जागा नव्हती, तेव्हा कोपरांनी मारत होतो. पिंपावर कोपर बसलं की देवळातल्या घंटेसारखा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजाने शेजारच्या खोल्यांची दारं एकेक करून उघडली. साठाव्या बुडीला वाद झाला. मोरेश्वर म्हणाला साठ, पेडणेकर म्हणाले अठ्ठावन्न. मी पाण्याखाली असल्यामुळे माझं मत विचारात घेतलं गेलं नाही. शेवटी अठ्ठावन्न धरून पुढे चाललो आणि शंभर झाल्यावर मी विजयी मुद्रेने उठायला गेलो.

उठलो नाही.

गुडघे पिंपाच्या एका बाजूला टेकले होते, पाठ दुसऱ्या बाजूला, आणि मधलं जे काही होतं ते पिंपाच्या कडेखाली घट्ट बसलं होतं.

"ये की बाहेर," मोरेश्वर म्हणाला.

"येतोय," मी म्हणालो. आलो नाही.

मोरेश्वरने काखेत हात घालून ओढलं. पिंपासकट मी दोन इंच वर आलो आणि पिंपासकट खाली बसलो. परडकर काकू दारात पोचल्या होत्या. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि रागावण्याचं काम तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. "तेल लावा," त्या म्हणाल्या. "बोटातली अंगठी निघत नाही तेव्हा आम्ही तेल लावतो." गोडेतेलाची बाटली आली. माझ्या कमरेवर तेल ओतलं गेलं, ते पाण्यावर तरंगत राहिलं आणि मी होतो तिथेच राहिलो.

"पिंप आडवं करा," सुशीला शेवटी म्हणाली. आवाज इतका शांत होता की मला धडकी भरली. "दुसरा उपाय नाही."

"पण पाणी!" मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "पाणी."

मोरेश्वर आणि शेजारचे दोघे अशा तिघांनी पिंप आडवं केलं. आप्पांच्या आंघोळीचं, स्वयंपाकाचं, दिवसभराचं सगळं पाणी भसकन खोलीतून गॅलरीत गेलं आणि त्या लोंढ्याबरोबर तेल लागलेला मी बाहेर पडलो, थेट उंबऱ्यापर्यंत. पेडणेकरांनी वहीत लिहिलं: 'पोहणे पूर्ण. पिंप आडवे.' माझा आनंद गगनात मावेना. आयुष्यात एक गोष्ट पूर्ण झाली होती! सुशीलाने रिकाम्या पिंपात डोकावून पाहिलं.

मी ओलाच सायकलवर बसलो, मासिकातल्या गड्यासारखा.

सायकल गॅलरीत स्टँडवर उभी होती, मागे बांगड्यांची पाटी. मी पायडल मारू लागलो. पन्नास झाले, शंभर झाले. मागचं चाक अधांतरी गरगर फिरत होतं. दीडशेला चाळीतल्या मांजरांची सभा भरली, एक, दोन, चार, सगळ्यांच्या नजरा पाटीवर. आणि खाली फळ्यांवर आमच्याच पिंपाचं पाणी, त्यात आमचंच गोडेतेल. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध मी आखणीत दाखवला नव्हता.

दोनशे चाळिसाव्या पायडलला एका बोक्याने पाटीवर उडी घेतली. सायकल हलली. स्टँडचे पाय तेलावरून घसरले, मागचं चाक जमिनीला टेकलं आणि इतका वेळ जागच्या जागी साठवलेला सगळा वेग एकदम सुटला!

"ब्रेक मार!" मोरेश्वर ओरडला.

"कुठाय?"

"नाय आहे! पाय लाव!"

पाय ओले. आख्खी गॅलरी माझ्या अंगावर धावून आली. बादल्या उडाल्या, कुणाचा तरी पाट उडाला, पेडणेकर घड्याळासकट एका खोलीत शिरले. गॅलरीच्या टोकाला परडकर काकूंचं नऊवारी लुगडं वाळत होतं. (ऊन आमच्या मजल्यावर जास्त येतं म्हणून त्या तिथे घालायच्या.) मी त्यात तोंडाने शिरलो, दोरी तुटली, आणि मला पुढचं काही दिसेनासं झालं. ते बरंच झालं, कारण पुढे जिना होता.

जिन्याच्या तोंडाशी मी खाली पडलो. सायकल थांबली नाही. ती एकटी, बोक्याला घेऊन, बावीस पायऱ्या उतरली आणि काकूंच्याच दारात आडवी झाली. पायरी पायरीवर बांगडे!

"माझे बांगडे!" मोरेश्वरने हंबरडा फोडला.

चाळीतली माणसं लगेच मदतीला धावली. ज्याने त्याने बांगडे गोळा केले. गोळा केलेले बांगडे परत द्यायला मात्र कोणी आलं नाही. दारं एकेक करून बंद झाली आणि थोड्याच वेळात तळणाचा वास सुटला.

"पेडणेकर," मी लुगड्यातून विचारलं, "पाचशे झाले का?"

पेडणेकर खोलीतून बाहेर आले. त्यांच्या डोक्यावर कुणाची तरी रोवळी होती. ती काढून त्यांनी वही पाहिली. "पायडल दोनशे चाळीस. पण आखणीत सायकल जागेवरच राहणार होती, ती प्रत्यक्ष गेली. त्यामुळे उरलेले दोनशे साठ मी माफ करतो. पळा आता. थांबलात तर बाद!"

मी उठलो. गुडघा फुटला होता, अंगाला तेल होतं, आणि लुगड्याचा पदर गळ्यात असा काही पिळला गेला होता की सुटता सुटेना. सोडवायला थांबलो असतो तर बाद. तेव्हा तसाच जिना उतरलो.

"लुगडं ठेव!" परडकर काकू ओरडल्या. "सणासुदीचं आहे ते माझं!"

मी गेटाबाहेर पळालो. माझ्या मागे काकू, काकूंच्या मागे "माझ्या बांगड्यांचं काय?" करत मोरेश्वर, आणि मोरेश्वरच्या मागे घड्याळ छातीशी धरून पेडणेकर. जाता जाता मी वर पाहिलं. सुशीला गॅलरीत उभी होती. ती हसत होती की रडत होती हे खालून कळलं नाही.

आता ते दिवस कसले होते हे सांगायला हवं. आज लालबागमध्ये कोणी पळताना दिसला तर लोक म्हणतील, साखर वाढली असेल. तेव्हा पळणाऱ्या माणसाचा एकच अर्थ होता. मोर्चा फिसकटला, दगड सुटले, मागून लाठ्या येतायत! कोणी कुणाला काही विचारायचं नाही. एक पळाला की दुकानदाराचा हात आपोआप शटरवर जायचा.

आणि मी कसा पळत होतो? उघडा, फुटक्या गुडघ्याचा, गळ्यात नऊ वार कापड फडफडतंय, मागे आरडाओरडा करणारी तीन माणसं.

पहिलं शटर वाण्याचं पडलं. धडाड! मग पानवाल्याचं. मग सलूनवाल्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आत ओढलं आणि शटर खाली केलं. कोपऱ्यावरच्या इराण्याने चहा पिणाऱ्यांना कपासकट बाहेर काढलं. बाहेर काढलेली माणसं क्षणभर उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं आणि कप हातात घेऊन माझ्या बरोबर पळू लागली.

मला वाटलं, लोकांना कल्पना आवडली!

एक जण माझ्या शेजारी आला. धापा टाकत म्हणाला, "कुठे चालू झालं?"

"आमच्या चाळीत," मी म्हणालो.

"कधी?"

"सकाळी सहाला."

"बाप रे! आणि बाकीचे?"

"बाकीचे कोणी नाहीत. मी एकटाच."

"एकटाच सुटलास?" त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि मागे वळून बोंब ठोकली, "पळा रेऽऽ! सगळ्यांना उचललं, हा एकटा सुटलाय!"

मग जे झालं ते मी आजही डोळे मिटले की ऐकतो. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धडाड धडाड शटरं पडत गेली. चाळींच्या गॅलऱ्यांतून बायका आपापल्या माणसांना हाका मारू लागल्या. कोपऱ्यावर एक हवालदार वडा खात उभे होते. इतका जमाव आपल्या दिशेने येताना पाहून त्यांनी वडा टाकला आणि तेही पळाले. आमच्या पुढे! हवालदार पळतायत म्हणजे प्रकरण फारच गंभीर असणार, म्हणून आतापर्यंत जे उभे होते तेही पळाले. आता मलाच भीती वाटू लागली. शर्यत बिर्यत विसरून मी खरोखरचा पळू लागलो.

"काय झालंय रे?" मी शेजाऱ्याला विचारलं.

"मला काय माहीत! तू पळतोयस म्हणून आम्ही पळतोय!"

हे ऐकून मला सगळा उलगडा झाला. पण शे-दीडशे माणसांच्या पुढे पळताना थांबून खुलासा करता येत नाही. केला असता तर लोकांनी मला तिथेच तुडवलं असतं. मी मागच्या गल्लीत वळलो, जमाव वळला. गल्लीच्या टोकाला आमचं गेट दिसलं. गेटाशी खडूची पांढरी रेषा दिसली. पन्नास पावलं, तीस, वीस! छाती फुटायला आली होती, पण आता कोणी मला अडवू शकत नव्हतं. मी दोन्ही हात वर केले.

आणि समोरून आप्पा आले.

एका हातात ट्रंक, खांद्यावर नारळांचं पोतं, पांढरं धोतर, काळी टोपी. गेटापासून दहा पावलांवर ते थबकले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

आता सासरा समोर आल्यावर जावयाने काय करायचं असतं? आमच्याकडे तरी एकच गोष्ट करायची असते. ती करताना विचार करावा लागत नाही, पाय आपोआप थांबतात आणि कंबर आपोआप वाकते. मी थांबलो. वाकलो. दोन्ही हात आप्पांच्या पायांना लावले.

आणि कमरेत उसण भरली.

वर उठता येईना, खाली बसता येईना. जमाव दोन्ही बाजूंनी वाहत पुढे गेला. कोणीतरी माझ्या पाठीवर रिकामा कप ठेवून गेलं. मागून परडकर काकू आल्या आणि त्यांनी माझ्या गळ्यातलं लुगडं उलगडायला घेतलं. मोरेश्वर आला. सगळ्यात शेवटी पेडणेकर आले, त्यांनी खडूची रेषा पाहिली, मला पाहिलं, मधलं अंतर पावलांनी मोजलं.

"दहा पावलं कमी," ते खेदाने म्हणाले. "बाद."

"पेडणेकर, सासरे आहेत हो! पाया पडायला नको?"

"पडायलाच हवं. पण रेषेच्या पलीकडे."

आप्पा अजून तसेच उभे होते. "जावयबापू," ते शेवटी म्हणाले, "ह्या काय चललाहा?"

काय सांगणार? "पोहून आलो," मी त्यांच्या पायांना सांगितलं.

मला तशाच वाकलेल्या स्थितीत चौघांनी उचलून वर नेलं. रेषेवरूनच नेलं, पण उचलून नेलेलं चालत नाही म्हणे. खोलीत मला पालथं घातलं. आप्पांना आंघोळीला पाणी नव्हतं. चाळीतून एकेकाने एकेक कळशी दिली तेव्हा कुठे म्हाताऱ्याच्या अंगावर पाणी पडलं. आंघोळ होईपर्यंत सुशीलाने त्यांना सगळी हकिकत सांगितली. आप्पा पंचा गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "सुशले, कपडे भर. दुपारची गाडी आसा."

सुशीलाने ट्रंक ओढली. साड्यांच्या घड्या एकावर एक पडताना मला ऐकू येत होत्या. मी जमिनीकडे तोंड करून पडलो होतो. कदाचित त्यामुळेच धीर झाला असेल.

"सुशीला," मी म्हणालो. "जाऊ नकोस."

घड्या थांबल्या.

"तू गेलीस तर मला करमणार नाही. मशीनचा आवाज नसला तर मला झोप येत नाही. काम कुठलं पूर्ण होवो न होवो. तू जाऊ नकोस."

मग माझ्या कमरेवर गरम वाळूची पुरचुंडी टेकली. जरा जोरातच टेकली.

"हे पिंपात शिरायच्या आधी सांगायला काय झालं होतं?"

"सुचलं नाही."

"आता आप्पांना मी काय सांगू? दिवसभराचं पाणी सांडलं, मोरेश्वरभावोजींची मासळी घालवली, अर्धं लालबाग बंद पाडलं, म्हणून मी राहते?"

ती काय सांगणार होती ते मला कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात पेडणेकर दारात आले. मागे परडकर काकू, मोरेश्वर आणि गॅलरीभर माणसं. पेडणेकरांच्या हातात कागद होता. त्यांनी तो आप्पांना दिला. आप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"विनंती अर्ज. खाली सह्या करणारे आम्ही चाळीतील सर्व भाडेकरू नम्रपणे विनंती करतो की, सौ. सुशीलावहिनींनी संप मिटेपर्यंत गावी जाऊ नये. त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या यजमानांवर लक्ष ठेवण्याची कुवत चाळीत कोणाचीही नाही. जाणे अगदीच अटळ असल्यास यजमानांना सोबत न्यावे. कळावे."

आप्पांनी कागद खाली केला. माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या आडव्या पिंपाकडे पाहिलं, दोरीने बांधलेल्या खिडकीकडे पाहिलं.

"ह्यांका गावाक?" ते घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले. "नको गो बाय! आमची विहीर एकच आसा!"

दुपारच्या गाडीने आप्पा एकटेच गेले. नारळांचं पोतं ठेवून गेले. त्यातले निम्मे नारळ मी मोरेश्वरला दिले. त्याने ते घेतले, पण नंतर वर्षभर आमच्या मजल्यावर मासे विकायला तो सायकल खाली कुलूप लावून यायचा.

संप पुढे कसा आणि कधी संपला हे आजही कोणी नीट सांगू शकत नाही. तो मागे घेतलाच नाही म्हणतात. माणसं एकेक करून गेली, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि त्यांच्या तळघरांत आता माणसं पैसे भरून जागच्या जागी सायकल मारतात. सुशीला मात्र कुठेही गेली नाही. शिवणयंत्र अजून चालतं आणि मला दुपारची झोप अजून छान लागते.

तो अर्ज तिने जपून ठेवला आहे. पाहुणे आले की काढून दाखवते. पाहुणे हसतात, मग सह्या मोजतात. एकंदर चौतीस आहेत. परडकर काकूंचा अंगठा सगळ्यात वर आहे. आणि अगदी तळाशी जी वाकडीतिकडी सही आहे, पालथं पडल्या पडल्या पेडणेकरांचं पेन मागून घेऊन केलेली, ती माझी.